दोन इंजिनांची बोट आणि पल्याडचं माहेर

काम सुरळीत चाललं असलं की किस्से होत नाहीत. माणसं मान खाली घालून काम करतात आणि पाच वाजले की हात धुऊन घरी जातात. किस्से होतात ते काम अडल्यावर! आणि आमच्या नानाच्या बोटीचं काम दोन वर्षांत जितक्यांदा अडलं, तितक्यांदा आमच्या शुगर फॅक्टरीचा बॉयलरसुद्धा बंद पडला नसेल. त्यामुळं माल भरपूर आहे. चहा सांगा, मी सुरू करतो.

आधी माणसं सांगतो, चारच आहेत. नाना मुंबईच्या बंदरात सरकारी लाँचवर इंजिनवाला होता. रिटायर होऊन गावी आला. नेवाशाच्या पुढं, धरणाच्या फुगवट्याला टेकलेलं आमचं गाव. मी बापू, फॅक्टरीच्या वर्कशॉपात टर्नर होतो, घरी लेथ आहे. सलीम वेल्डर, उसाच्या ट्रॉल्या बांधतो. आणि चौथी नानाची बायको, कमलवहिनी. या सगळ्या भानगडीचं मूळ!

वहिनींचं माहेर समोरच्या काठाला, मराठवाड्यात. संध्याकाळी आमच्या काठावर उभं राहिलं की त्यांच्या घराचा दिवा दिसतो. पाण्यातून वीस मिनिटं. रस्त्यानं गेलं तर धरणाला वळसा, साडेतीन तास. आणि वहिनींना गाडी लागते. लागते म्हणजे कशी? एस्टी स्टँडच्या फाटकाबाहेर पडायच्या आत पिशवी हातात! वर्षातून एकदा जायच्या आणि दोन दिवस झोपून काढायच्या. तिकडं नव्वदीची आई. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला उंबरा ओलांडता येत नव्हता. म्हणून नानानं एकच धरलं होतं, म्हातारी आहे तोवर वहिनींना पाण्यातून माहेरी न्यायचं. मनात येईल तेव्हा.

"साधी मोटारहोडी घे की," मी म्हणालो होतो.

"खाली बाभळीची खोडं हायेत, वर जाळी. पंख्यात गुतलं की बसलो मधीच," नाना म्हणाला. "मला जेट पायजे."

जेटच्या बोटीला खाली पंखाच नसतो. इंजिन आतल्या आत पंप फिरवतं, पंप तळातून पाणी ओढतो आणि मागं फेकतो, की बोट पुढं. असली दोन इंजिनं, दोन पंप. नानानं नोकरीत अशीच बोट चालवलेली. मुंबईच्या एका भंगारवाल्याकडं त्याला तसलीच जुनी सापडली आणि आमचं सुख संपलं.

*

बोट ट्रेलरवर घालून आणली. सुप्याला चहाला थांबलो. आपल्याकडचा रस्ता, मे महिना, ऊन मी म्हणतंय, टँकरमागून टँकर चाललेत आणि मधी आमची ही पांढरी बोट!

दहा मिनिटांत गर्दी. एक जण म्हणाला, शूटिंग आहे. दुसरा म्हणाला, हॉटेलवाल्यानं गिऱ्हाईक ओढायला मागवली असणार. तेवढ्यात एक धोतरवाले बाबा पुढं झाले. बोटीभोवती एक चक्कर मारली, आभाळाकडं बघितलं, परत बोटीकडं बघितलं. मग नानाच्या जवळ येऊन हळूच विचारलं,

"यंदा लई सांगितलाय व्हय पाऊस?"

*

शेडच्या पुढं उघड्यावर बोट ठेवली आणि इंजिनं खाली घेतली. महिनाभर मी लेथवर पंपाच्या कड्या कातत होतो. जुन्या झिजलेल्या, नव्या मिळेनात. त्या बसवायचा दिवस ठरला, सगळे जमलो आणि बघतो तर बोटीच्या डेकवर पांढरं धोतर अंथरलेलं. त्यावर कुरडया!

"अगं, हे काय?" नाना ओरडला.

"अहो, एवढी सपाट जागा गावात न्हाई. कोंबड्याबी वर चढत न्हाईत," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पण तुझ्याच माहेराला जायला चाललंय ना हे सगळं?"

"मग कुरडया कुठं न्यायच्यात? तिकडंच!"

चार दिवस काम बंद. बोटीला हात लावायचा नाही, हादरा बसतो म्हणे. नाना चार दिवस पारावर बसून होता.

*

रोज संध्याकाळी सातला म्हातारीचा फोन यायचा. वहिनी स्पीकरवर ठेवायच्या, कारण म्हातारीला वाटायचं की फोनात ओरडल्याशिवाय धरणापल्याड ऐकू जात नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "झाली का बोट?"

नानाचं उत्तरही ठरलेलं, "मामी, आठ दिवसांत."

एक दिवाळी गेली. दुसरी आली. एकदा मी तिथं बसलो होतो. नाना म्हणाला, "मामी, आता आठच दिवस."

 मग म्हातारी म्हणाली, "जावईबापू, माज्याकडं आता आठवडे थोडे हायेत. त्यातला कंचा, तेवढं सांगून ठिवा."

सगळे हसलो. नानाही हसला. पण त्या रात्री तो जेवला नाही, हे मला वहिनींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या थंडीत म्हातारीला न्यूमोनिया झाला. वहिनी जीपनं गेल्या, वाटेत सहा वेळा उतरल्या आणि आठवडाभर राहून आल्या. म्हातारी बरी झाली. नाना मात्र तेव्हापासून सकाळी सातला शेडमध्ये हजर असायचा, आणि आम्हाला पण हजर राहावं लागायचं.

*

इंजिनं बसली. आता ट्रायल. पण हा पंप कोरडा चालवला की जळतो, त्याला पाणी पाहिजेच. आणि नेमकं धरण आटलेलं! पाणी अर्धा किलोमीटर आत सरकलं होतं, मधी नुसता गाळ.

सलीम म्हणाला, "दत्तूचं शेततळं भरलेलं हाय."

झालं! दत्तू आमच्याच गावचा शेतकरी. तो कारखान्यावर गेला होता, त्याच्या बायकोला विचारलं. हायड्रा क्रेन बोलावली आणि बोट शेततळ्यात सोडली. चारी बाजूंनी दोरांनी बांधली, मागचं तोंड बांधाकडं. नानानं नमस्कार करून स्टार्टर मारला. पहिलं इंजिन लागलं. दुसरं खोकलं, खोकलं आणि लागलं! दोन वर्षांत पहिल्यांदा दोन्ही एकदम चालू. नानाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आनंदात त्यानं थ्रॉटल पुढं सारला.

अरे बाप रे! मागून पाण्याचा जो लोट उठला तो बांधावरून पलीकडं दत्तूच्या वरच्या वावरात! तिथला जनावरांचा लसूणघास आडवा झाला. आम्ही तोंड वासून बघतोय आणि लांबून दत्तू मोटारसायकलवर येताना दिसला. गाडी टाकून पळतच आला. मी मनात म्हटलं, मेलो. तळ्यातलं पाणी म्हणजे उन्हाळ्यात माणसाचा जीव.

दत्तू बांधावर आला, धापा टाकत वावराकडं बघितलं, बोटीकडं बघितलं आणि म्हणाला,

"नाना, कितीची मोटर बसवली? वरच्या तुकड्याला माजं पाणी चढतच न्हवतं. दोन दिस राहू द्या की हितंच!"

*

सलीमची एक खोड आहे. हलणारी वस्तू त्याला बघवत नाही. ट्रॉल्या बांधायचा धंदा, त्यामुळं जे हलतं ते खिळखिळं, अशी त्याची पक्की समजूत. माझ्या घरच्या आरामखुर्चीलाही त्यानं पट्टी मारलीय. आता ती नुसतीच खुर्ची आहे.

तर जेटच्या बोटीला रिव्हर्स गिअर नसतो. मागच्या तोंडावर एक झाकण वरून खाली येतं, पाणी उलटं पुढं वळतं आणि बोट मागं जाते. दोन तोंडांना दोन झाकणं. पाऊस झाला, धरण भरलं, बोट पाण्यात सोडायच्या आदल्या दिवशी सलीम रंगाचा शेवटचा हात देत होता. त्याला डावीकडचं झाकण लोंबकळताना दिसलं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव काठावर. नारळ फुटला. नानानं दोन्ही इंजिनं पुढं टाकली आणि बोट जागच्या जागी गोल फिरायला लागली! नानानं जोर वाढवला, ती जास्त जोरात फिरली. उजवीकडचं इंजिन पुढं ढकलतंय, डावीकडचं मागं. नानाचा चेहरा एकदा आमच्याकडं, एकदा मराठवाड्याकडं, परत आमच्याकडं.

जाळं विणत बसलेला एक कोळी उठून ओरडला, "नाना, सात प्रदक्षिणा झाल्या! आता प्रसाद घ्या आन् या!"

बोट काठाला आली. मागं जाऊन बघतो तर डावं झाकण खाली ओढून, पट्टी मारून, चार बोल्टांनी आवळलेलं.

नाना सलीमकडं बघत राहिला. सलीम अगदी शांतपणे म्हणाला, "कडक बसवलंय नाना. आता आयुष्यात हलायचं न्हाई."

*

पट्टी काढली. बोट सरळ चालली. सरकारी तपासणी, कागद, लाइफ जॅकेट, सगळं झालं. उद्या पल्याड जायचं म्हणून आम्ही चौघं नानाच्या ओट्यावर बसलो होतो. वहिनी भाजी निवडत होत्या. निवडता निवडता म्हणाल्या,

"अहो, पन मला बोट लागली तर?"

 दोन वर्षं! एवढा खटाटोप! आणि हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता! नाना तर असा बसला, जणू त्याचीच पेन्शन बंद झाली.

शेवटी तसंच उठून ट्रायलला गेलो. वहिनींच्या एका हातात लिंबू, दुसऱ्या हातात पिशवी. वाऱ्यानं लाटा उठलेल्या. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. नाना पुढं कमी आणि वहिनींच्या तोंडाकडं जास्त बघत होता. वहिनी पदर सांभाळत मजेत बसलेल्या, उलट म्हणाल्या, "जरा जोरात घ्या की!"

तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, ती पिशवी इकडं द्या लवकर." सलीमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

*

आता शेवटचा सांगतो.

आम्ही पल्याड गेलो. वीस नाही, अठरा मिनिटं लागली. काठावर वहिनींच्या भावाची माणसं उभी होती आणि मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीत म्हातारी. दोन नातवांनी खुर्चीसकट उचलून आणली होती. माय-लेकींनी एकमेकींचे हात धरले ते सोडेनात. नाना इंजिनाच्या झाकणावर उगीच फडकं फिरवत होता. मीही गुंडाळलेला दोर परत गुंडाळत होतो, खोटं कशाला बोलू!

मग म्हातारी म्हणाली, "मला बी बसवा तिच्यात."

भाऊ नको नको म्हणत होता. म्हातारीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. नातवांनी तिला उचलून बोटीतल्या सीटवर ठेवलं, जॅकेट घातलं, आणि नानानं बोट अगदी सावकाश काढली. फुगवट्याच्या मधोमध आलो. दोन्ही काठ सारखेच लांब दिसत होते. वहिनींनी घरून थर्मासमधून चहा आणला होता. मला दिला, सलीमला दिला, नानाला दिला, आणि थर्मासचं बूच लावलं.

इथं एक सांगायला पाहिजे. नाना-वहिनींना मूलबाळ नाही. आणि जुन्या माणसांची रीत अशी, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न-पाणी आईबापानं घ्यायचं नाही. म्हातारी हिंडती होती तेव्हा चारदोनदा लेकीकडं आली होती. येताना स्वतःचा तांब्या भरून आणायची. ओट्यावर बसायची, बोलायची आणि दिवस मावळायच्या आत परत. चाळीस वर्षांत लेकीच्या हातचं घोटभर पाणी तिच्या घशाखाली उतरलं नव्हतं. त्यावर दोघी कधी बोलल्याही नाहीत. वहिनींचा हात तिला वगळून पुढं जायला शिकला होता.

"मला कामून न्हाई?" म्हातारी म्हणाली.

वहिनी थांबल्या. "आई, तू माज्या घरचं घेत न्हाईस ना."

म्हातारीनं डावीकडं बघितलं. पाणी. उजवीकडं बघितलं. पाणी. मग वाकून सीटच्या कडेवरून हात फिरवला, जशी आपण शेजाऱ्याची नवी गाडी चाचपून बघतो.

"घर कुठंय हितं?"

नानानं हळूच दोन्ही इंजिनं बंद केली.

वहिनींनी बूच काढलं. थर्मासचं झाकण पदरानं पुसलं आणि त्यात चहा ओतला तो काठोकाठ, बाहेर सांडेपर्यंत. म्हातारीनं झाकण दोन्ही हातांत धरलं, फुंकर मारली आणि सगळा चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. 

मग तिनं झाकण लेकीच्या हातात परत दिलं आणि म्हणाली,

"साखर कमी हाय. उद्या नीट कर."