बारा ओव्यांचं अंतर

आमच्या आत्याइतकी वेळेची पक्की बाई अख्ख्या चिंचवडात दुसरी नव्हती, आणि तिला घड्याळ मुळीच कळत नव्हतं. तिचा सारा कारभार जात्यावरच्या ओव्यांवर चाले. चहा पंधरा ओव्यांत होई, भात पन्नासात. देहूरोडचा पाहुणा वाटेवरच्या चिंचेखाली दिसला की दारात यायला त्याला आठ ओव्या लागत. तेवढ्यात तिचा कांदा चिरून व्हायचा. समोर जातं नसलं तरी उजवा हात मांडीशी गोल फिरत राहायचा. देवळात आरती लांबली तर ती पुजाऱ्याला तोंडावर सांगे, "आज सा ओव्या जास्ती झाल्या, बाबा."

पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते ते दिवस. आमच्या शेजारच्या खोलीत एका कारखान्यातला टाइमकीपर बायकोसह राहायला आला. माणूस नांदेडकडचा, सज्जन, पण मनगटावरच्या घड्याळाचा भारी अभिमान. तो हसून म्हणायचा, "मावशी, एखादी ओवी लांबली तर?"

"लांबंल कशी? जातं काय थांबतंय व्हय?"

एका रविवारी सकाळी त्याच्या बायकोच्या पोटात दुखू लागलं. पहिलंच बाळंतपण, माहेर लांब. मी टांगा आणला. आत्या तिला कुशीत धरून बसली. ओठ हलत होते, हात फिरत होता. दवाखान्यात पोचलो तर डॉक्टर बॅग घेऊन पुण्याला निघालेले. त्यांनी विचारलं, "कळा किती वेळानं येतात?"

टाइमकीपरनं घाईघाईनं मनगट पाहिलं. "मघाशी सव्वानऊ होते... आत्ताही सव्वानऊच आहेत." काळजीपायी दोन दिवस घड्याळाला चावी द्यायचीच राहिली होती. बिचारा रडकुंडीला आला.

"बारा ओव्यांनी येत्यात," आत्या म्हणाली. "घरून निघताना वीस व्हत्या."

"म्हणजे किती, बाई?"

"म्हंजे काय? ऐका की!"

पुढची कळ ओसरली तशी आत्या व्हरांड्यातच मोठ्यानं ओव्या म्हणू लागली. डॉक्टर आधी वैतागले, मग मुकाट्यानं स्वतःच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. बारावी ओवी संपायला आणि पोरगी कळवळायला एकच गाठ पडली.

"चार मिनिटं," डॉक्टर म्हणाले, आणि बॅग ठेवून आत धावले. मूल पायाळू निघालं. ते पुण्याला गेले असते तर काय झालं असतं, हे त्यांनीच नंतर सांगितलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप राहिल्या.

ती पोर पुढे आत्याच्या मांडीवरच वाढली. दीड वर्षानं टाइमकीपरला पिंपरीत क्वार्टर मिळाली. पिंपरी ती काय लांब! पण दुपारी सामानाची बैलगाडी वळणाआड गेली तशी आत्या उंबऱ्यावर येऊन बसली, दोन्ही हात मांडीवर न हलवता ठेवून. घरात अंधार दाटला. अखेर मीच उठून दिवा लावला, तेव्हा दचकून म्हणाली, "अगंबाई, सांज झाली व्हय?"