पुन्हा बघितली, मत कायम

स्टाफरूममधल्या माझ्या टेबलाचा खालचा खण आता बंद होत नाही. इतक्या वर्षांचे मूल्यांकनाचे फॉर्म त्यात कोंबलेत. एखादा कागद शोधायला हात घालावा तर भलताच हाताला लागतो आणि त्याच्यामागे एक किस्सा असतोच. पूर्वी मी हे किस्से पोरांची गंमत म्हणून सांगायचो. चहा यायचा, टाळ्या पडायच्या. हल्ली सांगता सांगता मधेच कान गरम होतात. कारण त्यातला फजिती झालेला माणूस बहुतेक वेळा मीच आहे, हे माझ्या जरा उशिराच ध्यानात आलं.

सदर भागातल्या एका कॉलेजात मी फिल्म हा विषय शिकवतो. मुलांना दर वर्षी एक काम असतं. थ्रिलर सिनेमाची फक्त सुरुवात करायची, दोन मिनिटांची. पुढे काय होणार हे त्यांना माहीत नसलं तरी चालतं, बघणाऱ्याला मात्र ते जाणून घ्यावंसं वाटलं पाहिजे. मग मी फॉर्म भरतो. कॅमेरा, साउंड, एडिटिंग, सस्पेन्स. प्रत्येकी पाच, एकूण वीस. खाली शेरा. शेरे लिहायची मला भारी हौस!

*

एका ग्रुपच्या फिल्ममध्ये गल्लीत मुडदा पडलेला होता. कॅमेरा हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर येतो. कपाळावर रक्त, आणि उघड्या डोळ्यांतून घळाघळा पाणी!

मी खुर्चीत ताठ बसलो. शेरा लिहिला, "मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत अश्रू! मृत्यूनंतरही उरलेलं दुःख. अप्रतिम प्रतीक." सस्पेन्सला पाचपैकी पाच दिले आणि वर तो शेरा वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. प्रतीक म्हणजे काय, यावर वीस मिनिटं बोललो.

मागच्या बाकावर मुडदा स्वतः बसला होता. निखिल त्याचं नाव. एका डोळ्याला पट्टी.

"सर, प्रतीक नव्हतं ते. तर्री होती."

रक्ताला हवा तसा रंग मिळेना म्हणून पोरांनी सावजी मटणाची लालभडक, तिखटजाळ तर्री आणली होती. ती कपाळावरून ओघळत डोळ्यात गेली. दिग्दर्शक ओरडत होता, "हलू नको बे, मेला आहेस तू!" आणि हा बिचारा हलला नाही.

"धरमपेठेतले डोळ्याचे डॉक्टर पण विचारून राहिले होते सर, वास कशाचा येऊन राहिला म्हणून."

वर्ग हसला, मीही हसलो. मार्क मात्र बदलले नाहीत, कारण शेरा फार छान जमला होता. पुढच्या वर्षी आठ फिल्म आल्या. त्यातल्या सहांत मुडदे रडत होते.

*

फॉर्मच्या मागच्या बाजूला मुलांनी स्वतःचं मूल्यांकन स्वतः लिहायचं असतं. शेवटचा प्रश्न असा: पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल?

एका अबोल पोराने तिथे एकच शब्द लिहिला होता. "सर."

मी तो फॉर्म वर्गात नाचवला. "अरे बाबा, सर म्हणून हाक मारलीस आणि पुढे थांबलास? वाक्य पूर्ण कर!"

तो उभा राहिला. खाली बघत म्हणाला, "पूर्ण आहे सर."

"पूर्ण कसं? क्रियापद कुठे आहे?"

पोरं बाकांवर डोकी टेकवून हसत होती. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसताहेत. स्टाफरूममध्ये आल्यावर हाच किस्सा मी पिंपळकर मॅडमना रंगवून सांगितला. त्या रेडिओ शिकवतात, मोजकं बोलतात. त्यांनी प्रश्न परत एकदा वाचायला लावला, मग उत्तर वाचायला लावलं. तेव्हा कुठे उजेड पडला! त्या दिवशी मी मागच्या जिन्याने घरी गेलो.

*

हेमंतचा किस्सा मी फारसा कुणाला सांगत नाही. हेमंत उमरेडचा, विणकरांच्या घरातला. त्याच्या फिल्ममध्ये एक माणूस अंधाऱ्या खोलीत कुणाला तरी शोधतोय आणि मागे सारखं ठक-ठक, ठक-ठक चालू. मी साउंडला पाचपैकी एक दिला. शेरा: "पार्श्वभूमीचा आवाज कुठून तरी डाउनलोड केलेला, खोटा वाटतो. जिवंत आवाज ऐकायला शिका."

हेमंत स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. "सर, तो आवाज डाउनलोड नाही केला. माह्या आज्याचा माग आहे तो."

घरात आता कुणीच विणत नव्हतं. बाप आणि काका दुसऱ्या कामाला लागले होते, माग कापड टाकून झाकलेला. आजोबांनी नातवाच्या फिल्मसाठी कापड काढलं, तेल घातलं आणि दिवसभर माग चालवला. एवढ्याशा दोन मिनिटांसाठी.

मी लगेच पेन काढलं. म्हटलं, आण तो फॉर्म, पाच करतो.

"राहू द्या सर," हेमंत म्हणाला. "आज्याले दाखवला मी तुमचा शेरा. तो म्हणे, सरांचं बरोबर आहे. लय दिवसांनी चालवला, खोटाच वाजला असन."

तो एक अजून एकच आहे. फॉर्म त्याच खणात आहे, आणि हात घातला की नेमका वर येतो.

*

एवढं झाल्यावर माणसाने सुधारायला पाहिजे होतं. मी उलट अनुभवी झालो! फिल्म लावायची, पहिली पंधरा सेकंदं बघायची, पोरगं किती पाण्यात आहे ते ओळखायचं आणि फॉर्म भरून टाकायचा. एव्हाना ग्रुप जाऊन प्रत्येकाची वेगळी फिल्म यायची; चाळीस फिल्म मी जेवणाच्या सुट्टीत संपवायचो.

पिंपळकर मॅडमनी एकदा विचारलं, "सर, तुम्ही फिल्म बघता, की वजन करता?"

मी म्हणालो, "मॅडम, इतक्या वर्षांनी वासच येतो!"

हे वाक्य मी अभिमानाने बोललो होतो. नंतर दोन-तीन ठिकाणी पुन्हाही वापरलं.

*

त्याच वर्षी मयूरी होती. काटोलची. वडिलांचा तिथल्या फळबाजारात संत्र्यांचा व्यापार. मयूरीला पुढे पुण्याला जाऊन फिल्मचा कोर्स करायचा होता. वडिलांनी तिला सरळ सांगितलेलं, "आमाले त्यातलं समजत नाही. सरांनी पंधरा मार्क देल्ले तर फारमवर सही करतो. नाही देल्ले तर घरी ये अन् बी.एड. कर." म्हणजे पोरीचं पुणं माझ्या पेनात होतं, आणि हे तिने मला आधीच सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तिच्या फिल्ममध्ये एक मुलगी बंद दारासमोर उभी आहे. पंधरा सेकंदं झाली तरी उभीच. मी फॉर्म भरला. अकरा. शेरा: "सस्पेन्स नाही."

आठवड्याने तिचे वडील एसटीने आले. पांढरा सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाले, "मार्कासाठी नाही जी, घरचेच आहेत." मग फॉर्मची झेरॉक्स काढून शेऱ्यावर बोट ठेवलं. "सर, हा सस्पेन्स कुठी भेटते? बर्डीच्या बाजारात भेटत असन तर आत्ताच घेऊन देतो पोरीले. मले वाटते कॅमेऱ्याचं कार्ड घेतलं, पण हे घ्यायचं राहून गेलं."

मला हसू आलं, ते मी खोकल्यात घालवलं. म्हटलं, "तसं नाही हो. सस्पेन्स म्हणजे वस्तू नाही. आता काय होते, आता काय होते, अशी बघणाऱ्याला वाट पाहायला लावायची. नजर हटता कामा नये."

"असं होय," ते म्हणाले. "आमच्या मंडीत लिलाव सुटेपर्यंत तसंच होते." मग बोट पुन्हा शेऱ्यावर आलं. "पण पोरगी म्हणते, शेवटी दार उघडते. तिथं आहे म्हणते सस्पेन्स. तुम्हाले दिसला नाही काय जी?"

शेवट मी बघितलाच नव्हता. खरं बोलायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळाली नसती. मी म्हणालो, "मी पुन्हा बघतो."

पुन्हा! या शब्दाची मला अजून लाज वाटते. ते मात्र हात जोडून, समाधानाने गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मयूरी पेनड्राइव्ह घेऊन आली. कॉलेजचा कॅमेरा आणि ट्रायपॉडही परत करायचा होता. मी म्हटलं, "ठेव तिकडे कोपऱ्यात. फिल्म आत्ताच बघून टाकतो." ती ठेवून गेली. अर्ध्या तासाने फॉर्म न्यायला आली, तेव्हा शेऱ्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली होती: "पुन्हा बघितली. मत कायम."

तिने ओळ वाचली, थँक यू सर म्हणाली आणि कॅमेऱ्यातलं कार्ड काढून घेऊन गेली.

*

वर्षाच्या शेवटी मुलं आणखी एक फिल्म करतात आणि त्या आमच्या हॉलमध्ये दाखवतात. पालक येतात, बाहेरून परीक्षक येतात. या शेवटच्या फिल्मचे मार्क परीक्षक आणि मी मिळून देतो, आणि आधीच्या मार्कांपेक्षा जास्त असतील तर तेच धरतात. त्या शनिवारी परीक्षक म्हणून पुण्याच्या एक मॅडम होत्या. त्या माझ्या शेजारी बसल्या, फॉर्म दोघांच्या मध्ये. मयूरीचे वडील शेवटच्या रांगेत, मांडीवर पिशवी.

मयूरीचा नंबर आला. पडद्यावर नाव आलं, "पुन्हा".

एकच शॉट. कोपऱ्यातून घेतलेला. टेबल, पंख्याची घरघर, टेबलाशी एक माणूस बाजूने दिसतो, मान खाली. समोर लॅपटॉप, त्यावर छोटीशी फिल्म चालू आहे. बंद दार, दारासमोर मुलगी. माणसाच्या एका हातात मोबाइल. दुसऱ्या हाताने तो पिशवीतून संत्रं काढतो, अंगठ्याने सोलतो, एक फोड तोंडात टाकतो. मोबाइलवर काहीतरी बघून हसतो. लॅपटॉपमधली मुलगी कडीला हात लावते. माणूस दुसरी फोड तोडतो. मुलगी कडी काढते. माणूस बी कागदावर थुंकतो. कुठला कागद ते मला माहीत होतं.

हॉलमध्ये कुणीतरी कुजबुजलं, "पाह्य ना बे!"

दार हलतं. फटीतून उजेड येतो. कोण आहे आत? सगळा हॉल खुर्चीच्या कडेला आला होता. आणि माणूस, मान वर न करता, कोपराने लॅपटॉप मिटतो.

"अरे!" शंभर माणसं एकदम ओरडली.

पडद्यावर माणूस पेन उचलतो, एक ओळ लिहितो आणि उरलेली फोड खातो. अंधार.

टाळ्या सुरू झाल्या. मग वर्गातल्या पोरांच्या टाळ्या एकदम थांबल्या आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझे कान असे तापले की वाटलं, अंधारात दिसत असतील. पिंपळकर मॅडमनी पुढच्या रांगेतून मागे वळून बघितलं नाही, हे त्यांचे उपकार.

परीक्षक मॅडम माझ्याकडे झुकल्या. "काय सहज अभिनय आहे हो! मघापासून संताप येतोय त्या माणसाचा. कोण आहे हा?"

"लोकलच आहे," मी म्हणालो.

त्यांनी सस्पेन्ससमोर पाच लिहिले आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. शेऱ्याची जागा कोरी होती. मी पेनचं टोपण काढलं, परत लावलं, फॉर्मची घडी घालून तो खिशात ठेवला आणि माणसं बाहेर पडायच्या आत दाराकडे निघालो.

दारात मयूरीचे वडील उभे होते. मला बघून त्यांनी नेहमीसारखे हात जोडले. मला वर बघवेना.

"सर, पुण्याच्या फारमवर सही करून टाकली मी. बसल्या जागीच. तुमचे मार्क तुम्ही सावकाश द्या."

मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनीच माझ्या दंडाला हलका हात लावला.

"अन् तुम्ही सांगतलेला सस्पेन्स समजला जी मले. मी तिथं बसून सारखा म्हणून राहिलो होतो, एवढी फोड खाल्ली का सर पाहतीन, एवढी फोड खाल्ली का पाहतीन."