मामांचा सरकारी कारखाना

माझ्या बायकोचे मामा ज्या वस्तूवरून वाद घालू शकणार नाहीत अशी वस्तू अख्ख्या डिचोली तालुक्यात अजून तयार व्हायची आहे. आणि झालीच, तर ती सरकारी कारखान्यात झाली की खाजगी, यावर ते आधी वाद घालतील. सर्वणला त्यांचं घर. लग्नानंतर मी पहिल्यांदा पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच हवेत धरून त्यांनी विचारलं, "जावयबापू, ज्या देशात सगळे कारखाने सरकारचे, तिथे मालक कोण? जनता काय सरकार?" मी वाकलेल्या अवस्थेतच "जनता" म्हणालो. "चुकलात," असं म्हणून त्यांनी आशीर्वाद दिला.

मामा डिचोलीजवळच्या एका सरकारी कारखान्यात फिटर होते. तिथे आंब्याचा आणि अननसाचा रस डब्यांत भरत. तरुणपणी कुठल्याशा शिबिरात त्यांनी रशियावरचं व्याख्यान ऐकलं आणि तेव्हापासून तो देश त्यांच्या घरी मुक्कामालाच आला. त्यांचं म्हणणं असं, की सरकारने कारखाना घेतला म्हणजे समाजवाद आला असं मुळीच नाही. मजूर पगारासाठीच राबतो, हुकूम वरूनच येतो, नफ्याचं काय करायचं ते त्याला कोणी विचारत नाही. शेटच्या खुर्चीत साहेब बसला, एवढाच फरक. याला ते 'सरकारी भांडवलशाही' म्हणत, आणि तो शब्द इतक्या प्रेमाने उच्चारत की ऐकणाऱ्याला ती एखादी मिठाई वाटावी. सकाळी उंडे, म्हणजे गोल पाव, घेऊन दारोदार येणाऱ्या पदेराला ते जनेलाच्या गजांतून हाक मारत, "भट्टी कोणाची रे? तुझी काय मालकाची?" शेवटी तो बिचारा घरापुढे भोंपू वाजवायचा बंद झाला. सायकल हातात धरून, चोरासारखा मागच्या दारी येऊन मामींना पाव देऊ लागला. एकदा आम्ही सगळे मोरजीला गेलो होतो. किनाऱ्यावर कासवाची अंडी कुंपण घालून राखलेली. आम्ही समुद्र बघत होतो, आणि मामा समुद्राकडे पाठ करून राखणदाराला सांगत होते, "पळय, बघ नीट, अंडी जनतेच्या नावावर, कुंपण सरकारचं. कासवीला कोणी विचारलं काय?"

"ती अंडी घालून गेली, काका. परत येत नाही," राखणदार नम्रपणे म्हणाला.

"येणार कशी? तिला कारभारात जागा खंय?"

या माणसाला आयुष्यभर पुरेल असा एकच प्रतिपक्ष देवाने घडवला होता. तो म्हणजे त्याच कारखान्यात लेथवर काम करणारा मल्लाप्पा. बेळगावकडचा, धिप्पाड, हसरा. त्याचं मत सरळ होतं. "आमचंच की ओ ते! सरकार म्हणजे कोण? तुम्ही-आम्हीच की!" दोघांनी मिळून एक अभ्यासमंडळ काढलं आणि पहिल्याच बैठकीत त्यात फूट पडली. तरी बैठका चालूच राहिल्या, कारण दोन्ही गट एकाच बाकावर बसत आणि एकाच किटलीतला चहा पीत. मामी म्हणायच्या, "ह्यांचं माझ्याशी लग्न झालं, पण संसार त्या मल्लाप्पाशी केला."

मग काही वर्षांपूर्वी तो कारखाना सरकारने एका खाजगी मालकाला विकला. मामांच्या सिद्धांताप्रमाणे यात काहीच घडलं नव्हतं. कामगार फाटकापाशी जमले, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मामा हेच सांगणार. त्यांना एका खोक्यावर उभं केलं. आत कोणीतरी जुना फलक उतरवत होतं. मामांनी घसा साफ केला. "कामगार बंधूंनो, मालक बदलला म्हणून…" एवढं म्हणाले आणि थांबले. फलक खाली आल्याचा आवाज झाला. मामांनी तोंडावर रुमाल धरला आणि ते खोक्यावरून उतरले. मीही त्या गर्दीत होतो; पुढे होऊन त्यांना हात दिला.

खोक्यावर मग मल्लाप्पा चढला. "हे म्हणत होते तेच खरं," तो म्हणाला. "आमचं असतं तर आम्हाला न विचारता विकलं असतं काय?"

मला वाटलं, वाद मिटला. कसला मिटतोय! दुसऱ्या दिवशी दोघे त्याच बाकावर, फक्त पक्ष बदलून. मामा ओरडत होते, "आमचा होता! नाहीतर आतडं कशाला तुटलं असतं?" आणि मल्लाप्पा हात नाचवत म्हणत होता, "आतडं तुटलं म्हणून मालकी होत नाही ओ! हुकूम कुणाचा चालत होता ते सांगा की!" चहावाला म्हणाला, त्याला काही फरक जाणवला नाही.

निवृत्तीनंतर मल्लाप्पा गावी मुलाकडे गेला. वाद फोनवर आला. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. कळल्यावर मामांनी दोन घास जेवून ताट सारलं आणि मला म्हणाले, "जावयबापू, गाडी काढा."

घाट चढून आम्ही पोचलो. मल्लाप्पा कॉटवर पडून होता, निम्मा झालेला. मामांना बघून त्याच्या डोळ्यांना धार लागली. मामांनी मात्र विचारपूस केलीच नाही. कॉटशेजारी खुर्ची ओढली आणि आपली बाजू मांडायला लागले. ती झाल्यावर जरा थांबले, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मल्लाप्पाची बाजूही स्वतःच मांडू लागले. त्याच्याच बोलीत, त्याच्यासारखेच हात नाचवत. "हुकूम कुणाचा चालत होता, ते सांगा की ओ!" खरं सांगतो, स्वतःच्या बाजूपेक्षा त्याची बाजू त्यांनी जास्त जोरात मांडली. मल्लाप्पाची सून दारात उभी राहून पदराने डोळे पुसत हसत होती.

तेवढ्यात मल्लाप्पाने आपला धड हात कसाबसा उचलला आणि नकारार्थी हलवला. एकदा, मग पुन्हा.

"बघा!" मामा खुर्चीतून उठलेच. "मी नीट मांडलं नाही म्हणतो! बरं, बरं, परत मांडतो." आणि त्याचा तो हात आपल्या हातांत धरून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले, हळू आवाजात, सावकाश, त्याला घाई होऊ नये म्हणून.