भाजलेलं आणि करपलेलं

माझं नाक मला परत मिळालं ते काकूंमुळे. काकू म्हणजे माझ्या घरमालकीण. मांजलपूरच्या एका सोसायटीत त्यांचं बैठं घर आहे, आणि त्याच्या मागची खोली मी भाड्याने घेतली आहे. नाव लिहू नकोस असं त्यांनी बजावलंय. नाव कळलं तर बडोद्यातली सगळी सर्दीवाली माणसं दारात येऊन बसतील म्हणतात. तेव्हा नुसतं काकू.

मी मूळचा यवतमाळकडचा. बापाची पिठाची गिरणी. मी नववीत असताना गिरणीची मोटर जळली. ती घेऊन तालुक्याला गेलो, नवी वाइंडिंग भरून होईपर्यंत दुकानात बसलो, आणि बसलो तो बसलोच. शाळा तिकडे राहिली. पुढे ओळखीच्या एकाने बडोद्याला आणलं. मकरपुऱ्यात मोटर रिवाइंडिंगच्या एका वर्कशॉपमध्ये लागलो. बंद पडलेल्या मोटरमधली जळालेली तांब्याची तार काढायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश पाजून भट्टीत भाजायची. हे काम कुणीही शिकतो. पण माझी किंमत होती ती नाकाला. गिऱ्हाइकाने मोटर आणली की मी झाकण उघडून हुंगायचो आणि सांगायचो, आत जळलीय की नुसती अडलीय. मीटर नंतर लागायचा, आणि तो माझंच म्हणणं सांगायचा. शिक्षण नाही, ओळखीपाळखी नाहीत. परक्या गावात माझी जागा त्या एका गोष्टीवर होती.

पावसाळा सरता सरता ताप आला. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. सगळे म्हणाले, येईल हळूहळू. नवरात्रात तो आला.

पण तो कशाचाच वास नव्हता. जळक्याचा होता. दुपारी तार गुंडाळत होतो आणि एकदम भपकारा आला, रबर आणि केस एकत्र जळावेत तसा. मी ओरडलो, मेन स्विच पाडला. सगळं वर्कशॉप थांबलं. शेठ आतून आले, कारागीर वाकवाकून हुंगत फिरले. कुठेच काही नव्हतं. स्विच पुन्हा वर गेला तरी माझ्या नाकात जळतच होतं.

मग ते माझ्या मागेच लागलं. खोलीत यायचं, बसमध्ये यायचं, आंघोळ करताना पाण्यातून यायचं. चहा तोंडाजवळ नेला की जळकं. पोळी, वरण, साबण, माझा स्वतःचा शर्ट, सगळं तेच. सिलिंडरचा कॉक बंद करायचो, बाहेर पडायचो, परत येऊन हात लावून बघायचो. बसमध्ये शेजारच्याला विचारायचो, काही जळतंय का हो? वर्कशॉपमध्ये माझं नाव बंबवाला पडलं. मी येताना दिसलो की एखादा तोंडानेच घंटा वाजवायचा. मीही हसायचो. पण मनात असं यायचं की एखाद्या दिवशी खरंच काही पेटलं तर मला कळणार नाही, आणि मी सांगितलं तर कुणाला पटणार नाही. भीती दोन्हीकडून होती. जेवण सुटलं. थंड दहीभात तेवढा जायचा, नाक दाबून.

एका गिऱ्हाइकासमोर मी पाण्याच्या पंपाची मोटर हुंगली आणि जळली म्हणून सांगितलं. कारागिराने तार कापायला हत्यार उचललं होतं. तेवढ्यात एका जुन्या कारागिराने सहज मीटर लावला. वाइंडिंग चांगली होती, बाहेरचा कपॅसिटर तेवढा गेला होता. गिऱ्हाईक माझ्याकडे बघत राहिलं. शेठ रागावले नाहीत. त्यांनी मला आत बोलावलं, पाणी दिलं आणि म्हणाले की सध्या मालाची ने-आण बघ, उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होऊ दे, मग ठरवू. घरी जाऊन विश्रांती घ्यावीशी वाटली तर तसं सांग. ते माणूस म्हणून चांगलंच बोलत होते, म्हणूनच माझी जागा गेल्यात जमा आहे हे मला जास्त कळलं.

आईला फोनवर सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. तिचं ठरलेलंच होतं. दृष्ट लागली. घरमालकिणीकडून काढून घे, मी फोनवर राहते. काकूंचा अशा गोष्टींवर विश्वास नाही. रेल्वेतल्या माणसाची बायको, स्वतः बालवाडी चालवलेली. पण त्या म्हणाल्या, आईचं मन आहे, आपलं काय जातंय. मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन ओवाळल्या आणि गॅसवरच्या तापलेल्या तव्यावर टाकल्या. फोन ओट्यावर, स्पीकर चालू.

आमच्याकडे समज असा आहे की मिरच्या जाळूनही ठसका लागला नाही तर दृष्ट होती. लागला तर नव्हती. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी वाहिलं. काकू खोकत खिडकी उघडायला धावल्या. फोनमधून आईचा आवाज: "कोन खोकलं? बाबू खोकलं का?"

"तोच खोकतोय, वहिनी. मीही खोकतेय."

आईला हे नको होतं. दृष्ट असती तर ती निघाली असती. थोड्या वेळाने ती हळू आवाजात म्हणाली, "मंग हे दुसरंच काही हाय. बाबू, घरी ये. तिथं तुले कोनी पाहनारं नाही."

काकूंनी मात्र फोन ठेवल्यावर मला एकच विचारलं. मिरचीचा वास आला का? मी म्हटलं, नाही, ठसका लागला पण वास तोच, जळक्या रबराचा. त्या पदराने डोळे पुसत बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे नाक मेलेलं नाहीये, दीकरा. नुसतं विसरलंय. तुला भाजलेलं आणि करपलेलं एकच येतंय. ते वेगळं करायला शिकवायचं त्याला."

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी मला तसंच काहीसं सांगितलं होतं, रोज ओळखीचे वास घ्या, सवय करा, धीर धरा. मी घरी येऊन लवंग हुंगली होती, जळकी आली, सोडून दिलं होतं. काकूंनी सोडू दिलं नाही. त्यांनी कॉफी निवडली. रोज सकाळी त्या किटलीभर कॉफी करायच्या, जुन्या बडोदेकर मराठी घरांतली जायफळाची. आता ती मी करायची, त्यांच्या स्वयंपाकघरात, कामावर जाण्याआधी. मी म्हटलं, काकू, कॉफी तर सगळ्यांत जास्त जळकी येते, दुसरं काही घेऊ. त्या म्हणाल्या, म्हणूनच.

आमच्या घरी कॉफी म्हणजे पाहुण्यांसाठी एक पुडी, तीही ओलसर झालेली. इथे रावपुऱ्यातून भाजलेल्या बिया यायच्या. एका वेळेपुरत्याच दळायच्या. मी दळण्याच्या यंत्राचं झाकण उघडलं की भपकारा यायचा, थेट जळालेल्या वाइंडिंगचा. काकू विचारायच्या, काय येतंय? मी म्हणायचो, मोटर. बरं, म्हणायच्या, टाक मोटर पाण्यात.

पाण्याला उकळी आली की गॅस बंद करायचा आणि मगच पूड घालायची. पुडीला उकळी दाखवायची नाही. झाकण ठेवून दुसऱ्या कामाला लागायचं. तेवढ्यात गाळ खाली बसतो. मग वरचं निवळलेलं पाणी मलमलच्या फडक्यातून किटलीत गाळायचं. गिरणीवाल्याचा पोर मी, काही वाया जाऊ द्यायचं माहीत नाही. पहिल्या दिवशी फडकं दोन्ही हातांनी पिळलं. काकू म्हणाल्या, "कॉफी आहे ती, धुणं नाही. पिळलं की सगळा कडवटपणा उतरतो." दूध वेगळं तापवायचं, साखर बेताची, आणि जायफळ अगदी शेवटी, किसणीवर एकदोनदा फिरवून. जायफळ उकळलं तर औषध होतं, असं त्यांचं म्हणणं.

रोज त्या विचारायच्या, काय येतंय? रोज मी म्हणायचो, मोटर. एकदा दूध गॅसवर ठेवून आम्ही बोलत बसलो आणि भिंतीपलीकडच्या बाईंनी हाक मारली, मासी, तुमचं दूध लागतंय. आम्ही दोघंही ओट्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो. काकू खूप हसल्या. म्हणाल्या, दोन माणसांत मिळून एक नाक नाही. मीही हसलो. मला वाटलं, माझं मन राखायला बोलल्या.

मी एकदा त्यांना विचारलं, जे नाही त्याचा वास माणसाला कसा येतो? मला वाटत होतं आईचंच खरं असेल. तेव्हा काकूंनी सांगितलं की त्यांच्या यजमानांना तपकिरीची सवय होती. ते जाऊन वर्षं झाली, डबीसुद्धा चांदोदला अस्थींबरोबर नर्मदेत सोडली, तरी कॉफी गाळताना कधी कधी तो वास यायचा. "मी काय मेन स्विच पाडायला धावले? आलात का, म्हणायचे, आणि कप पुसायला घ्यायचे." मी त्यांच्या मागच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळलं. त्यानंतर बरेच दिवस फडक्यातून थेंब पडत असताना मला पाठीमागे कुणी उभं आहे असं वाटायचं.

थंडी पडली. पतंगवाल्यांच्या हातगाड्या लागल्या, रस्त्याकडेला दोरा गुलाबी रंगवायला ताणला जाऊ लागला. उत्तरायण जवळ येत होतं आणि मी आईला येतो म्हणून सांगायची वाक्यं मनात जुळवत होतो. अशाच एका सकाळी झाकण उघडलं, आणि जळक्याच्या आत काहीतरी होतं. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं, गोडसर. क्षणभरच. काकू म्हणाल्या, काय येतंय? मी नुसतं झाकण त्यांच्यापुढे धरलं.

दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. मग पुन्हा आलं. कधी जायफळ आधी यायचं, कधी गरम दूध. जळकं गेलं नाही, पण ते मागे सरलं, गर्दीत एखादा माणूस मागच्या रांगेत जावा तसं.

उत्तरायण झाल्यावर वर्कशॉप उघडलं तेव्हा शेठनी दोन मोटरी माझ्यापुढे ठेवल्या. बंबवाला म्हणणारे सगळे गोळा झाले, पण घंटा कुणी वाजवली नाही. पहिली मी उघडली. तापलेल्या वॉर्निशचा वास, कॉफीच्या चुलतभावासारखा. भाजलेली. दुसरी उघडायच्या आधीच कळलं. मी म्हटलं, ही नुसती तापलीय, ती जळलीय. जुन्या कारागिराने मीटर लावला, दोन्हीला. मग तो मान हलवून आपल्या कामाला गेला. शेठ गुजरातीत एवढंच म्हणाले, बस तुझ्या जागेवर.

त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि काकूंना उठू दिलं नाही. आज किटली माझी, म्हटलं. पूड घातली, झाकण ठेवलं, निवळू दिली. फडक्यातून गाळत होतो आणि एक नवाच वास आला. तंबाखूसारखा, पण थंड, कपाळात चढणारा, आणि मध्येच गुलाबपाण्यासारखा. कॉफीचा नव्हता, जळक्याचाही नव्हता. आमच्या गावात तपकीर ओढणारं कुणी मी पाहिलेलं नाही, तिचा वास मला माहीत असायचं कारण नाही. मी जसा आला तसा काकूंना सांगितला.

त्यांच्या हातातली किसणी थांबली. 

"कुठे येतोय?"

मी त्या रिकाम्या खुर्चीकडे हात केला. त्या उठल्या, खुर्चीपाशी गेल्या, डोळे मिटून श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिथेच बसल्या.

"मला नाही रे येत. कशाचाच येत नाही हल्ली. वयाने गेलं. जायफळ किती पडलं तेही तू सांगतोस म्हणून कळतं." मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला नक्की आला?"

मी काय सांगणार? सकाळी दोन मोटरी बरोबर ओळखणारं नाक माझंच, आणि तीन महिने नसलेली आग हुंगणारंही माझंच. हो म्हणावंसं फार वाटलं. पण नाकाला फरक शिकवायला सकाळमागून सकाळ घालवलेल्या बाईशी अंदाजाने बोलवेना. म्हटलं, काकू, माहीत नाही. आता गेला.

त्यांनी मान हलवली आणि कप पुढे केला. कॉफी चांगली झालीय म्हणाल्या. कशावरून म्हणाल्या देव जाणे.

तेव्हापासून सकाळची किटली माझ्याकडेच आहे. फडकं न पिळता गाळतो आणि थेंब पडत असताना वाट बघतो. भीती वाटते, तरी बघतो. काकू, तुम्ही हे वाचाल म्हणून इथे लिहून ठेवतो. अंदाजाने मी तुम्हाला कधी सांगणार नाही. पण ज्या दिवशी तो वास खरा आहे अशी माझी खात्री पटेल, त्या दिवशी गाळणं अर्धं टाकून आधी तुम्हाला हाक मारीन.