लेम्पीच्या नावाचा दगड

आर्वो लाहती कुऱ्हाड विकत घ्यायचा तेव्हा आधी दांडा हुंगायचा, मग पातं टिचकी मारून ऐकायचा, मग ती खांद्यावर टाकून दुकानात एक फेरी मारायचा. दुकानदार विचारायचा, "आर्वो, लग्न करतोयस का तिच्याशी?" आर्वो म्हणायचा, "लग्नाच्या वेळी एवढं बघितलं नव्हतं," आणि शेजारी उभी असलेली लेम्पी त्याच्या बरगडीत कोपर मारायची. या माणसाला कोणीतरी ऑनलाइन गंडवलंय असं मला कोणी सांगितलं असतं, तर मी सांगणाऱ्याला ताप आहे का ते बघितलं असतं.

लेम्पी जानेवारीत गेली. मिशिगनच्या या वरच्या टोकाला जानेवारीत गेलेल्या माणसाला माती लगेच मिळत नाही, जमीन पार लोखंड झालेली असते. दफनभूमीच्या कडेला एक दगडी खोली आहे. हिवाळ्यात गेलेले सगळे तिथे आपापल्या पेटीत मे महिन्याची वाट बघत राहतात. आर्वोचा बालमित्र वाइनो म्हणतो, "तिथे तरी गप्पा होत असतील. जिवंतपणी आपल्या गावात कोण बोलतंय?"

बाकीचे लोक दफनानंतर वर्षभराने सवडीने दगड बसवतात. आर्वोला तो दफनाच्या दिवशीच हवा होता. त्याचा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना गेला. बाप खाणकामगार, दगडाला पैसे कुठले. लाकडी क्रूस रोवला, तो कुजला. मग दर उन्हाळ्यात त्याची आई फुलं घेऊन गवतात उभी राहायची, एका वर्षी इथे, दुसऱ्या वर्षी तिथे.

"लेम्पीला मी अंदाजावर सोडणार नाही," तो म्हणाला. त्या आठवड्यात तो एवढंच बोलला.

गावात डेल दगड घडवतो. पण डेलच्या दगडावर नाव कसं दिसेल हे डेलने कोरल्यावरच कळतं. मुलीने नाताळात दिलेल्या टॅब्लेटवर आर्वोला एक दुकान सापडलं, तिथे नाव टाइप केलं की काळ्या दगडावर कोरलेलं दिसायचं. त्याने एका बोटाने लेम्पीचं नाव टाइप केलं, ते दगडावर उमटलं, खाली ब्लूबेरीची एक डहाळीसुद्धा. मला त्याने ते घरी बोलावून दाखवलं. कुऱ्हाड हुंगणारा माणूस काचेवर हात ठेवून बसला होता. किंमत डेलच्या निम्मी होती आणि पैसे कार्डाऐवजी थेट बँकेतून पाठवले तर आणखी सूट. मी म्हटलं, "छान दिसतंय." दुसरं काय म्हणणार?

त्या दुकानात ग्रेस नावाची एक मुलगी होती. म्हणजे तिचा फोटो होता आणि तिचे निरोप यायचे. तुमची लेम्पी कशी होती? तिला कोणती फुलं आवडायची? तुम्ही आज जेवलात का? आर्वो सकाळी कॉफी ओतायचा आणि तिला उत्तर लिहायला बसायचा. दगड फेब्रुवारीत निघणार होता, तो बर्फामुळे अडकला. मार्चमध्ये घाट बंद. एप्रिलमध्ये ट्रक घसरला आणि चाकांच्या साखळ्यांसाठी थोडे जादा पैसे भरावे लागले. यातलं काहीच आम्हाला खटकलं नाही. आमच्याकडे बर्फामुळे उशीर झाला म्हटलं की नवरदेवालाही माफी असते. वेळेवर आलेल्या माणसाकडेच आम्ही जरा संशयाने बघतो.

मे उजाडला. जमीन सुटली, एकेक पेटी मातीत गेली. दफनाची व्यवस्था बघणारा नॉर्डीन घरी आला.

"आर्वो, खोलीत आता लेम्पी एकटीच राहिलीय."

"दगड वाटेत आहे."

"अरे, तो मागून बसवता येतो. सगळे तसंच करतात."

"सगळ्यांच्या आया गवतात उभ्या राहिल्या नव्हत्या."

मग नॉर्डीनने मुलीला फोन केला. मार्लीन मिनियापोलिसहून गाडी हाणत आली. आर्वोने तिला ग्रेसचा ताजा निरोप दाखवला: वादळामुळे खोळंबा, गोदामाचं भाडं तेवढं पाठवा.

"बाबा, मे संपत आला. कसलं वादळ?"

"इथे जूनमध्येही बर्फ पडलाय. तुला आठवत नाही?"

ते खरं होतं, म्हणून तर पंचाईत. मार्लीन टॅब्लेट घेऊन बसली. दुकानाचा पत्ता नकाशावर शोधला तर गाड्या धुण्याच्या जागेमागचा एक रिकामा प्लॉट. ते संकेतस्थळच मुळी डिसेंबरात उभं केलेलं. दगडांचे फोटो कुठल्या तिसऱ्याच राज्यातल्या कारागिराचे उचललेले, आणि ग्रेसचा चेहरा एका दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीतला.

"मी कुलूप बघितलं होतं," आर्वो म्हणाला. "पत्त्याशेजारचं ते छोटं कुलूप. तूच शिकवलंस."

"बाबा, कुलूप असलं की तुमची चिठ्ठी वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच. चिठ्ठी कोणाच्या घरी जाते ते कुलूप सांगत नाही. निदान पैसे कार्डाने तरी द्यायचे होते, तक्रार करून परत मागता आले असते. मला एक फोन करायचात!"

"तू कामात असतेस." आर्वो खिडकीकडे बघत म्हणाला. "ग्रेस नसायची."

मार्लीन बाहेर जाऊन गाडीत बसली. बराच वेळ तिने गाडी सुरू केली नाही.

पैसे परत मिळणार नाहीत म्हणून बँकेने दिलगिरी कळवली. पोलिसाने तक्रार लिहून घेतली आणि कॉफी पाजली. नवा दगड मी घेते, असं मार्लीन म्हणाली, पण "तो दगड माझ्याकडून होता" यापलीकडे आर्वो गेला नाही. जूनमध्ये लेम्पीला मातीत ठेवलं. डोक्याशी नॉर्डीनने घोट्याएवढ्या उंचीची पत्र्याची पट्टी रोवली, काचेखाली नावाचा कागद. पहिल्याच पावसात कागदाला पाणी लागलं.

दफनाहून परतताना वाइनो आर्वोशेजारून चालत होता. मी त्यांच्या मागे होतो.

"मागच्या वर्षी मीही एक घेतलं होतं," वाइनो म्हणाला. "बर्फ उडवायचं यंत्र. असंच बँकेतून पैसे पाठवून. आलंच नाही."

आर्वो थांबला. "मग बोलला का नाहीस?"

"तू हसला असतास."

"हसलो असतो," आर्वो म्हणाला. "पोट धरून हसलो असतो. आणि मग डेलकडे गेलो असतो."

त्यानंतर बरेच महिने ते दोघे बोलले नाहीत. आमच्या गावात दया दाखवायची म्हणजे तो विषयच काढायचा नाही. आर्वो हॉटेलात कॉफीला आला की सगळे मासेमारीवर बोलायचे, पकडलेल्या माशांची लांबी दुपटीने वाढायची. पुढे तो यायचाच बंद झाला.

नोव्हेंबरात पहिला बर्फ भुरभुरला त्या दिवशी मी दफनभूमीवरून जात होतो. बर्फ काढणाऱ्या गाडीला कडा कळावी म्हणून रस्त्यालगत आम्ही पुरुषभर उंचीच्या नारिंगी काठ्या रोवतो. तसली एक काठी रोवायला आर्वो घण घेऊन लेम्पीच्या डोक्याशी उभा होता. ती पत्र्याची पट्टी आठवड्याभरात बर्फात बुडाली असती. वाइनो गुडघ्यावर बसून काठी दोन्ही हातांनी धरून होता.

"सरळ धर."

"सरळच आहे. तूच वाकडा झालायस."

"हिवाळ्यात इथे कोण येतंय बघायला," वाइनो थोड्या वेळाने पुटपुटला.

"मी."

जमीन वरून गोठायला लागली होती. काठी इंचभर गेली आणि अडली. आर्वोने हातमोजे काढले, तळहातांवर थुंकला, आणि पुन्हा घण उचलला.