नानांबद्दल दोन शब्द

माझ्या नवऱ्याने मोबाइलवर कुठलासा फुकटचा कोर्स केला आणि आमच्या घरात ‘लोकल सर्च’ हा विषय मुक्कामाला आला. जळगावात ऑफिसात दिवसभर खुर्ची उबवणारा हा माणूस संध्याकाळी मला गिऱ्हाईक कसं शोधतं ते शिकवायला लागला. कोपऱ्यावरच्या भाजीवालीलासुद्धा त्याने विचारलं, तुम्ही नकाशावर आहात का? ती म्हणाली, मी तर रोज इथंच असते.

पण धुळ्याला माझे वडील, म्हणजे नाना, खरोखर अडचणीत होते. फवारणीचे पंप दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. हायवेला नवं दुकान निघालं. ते मोबाइलवर सापडायचं, नानांचं सापडायचं नाही, आणि खेड्यावरची कपाशीवाली माणसं मोबाइल सांगेल तिकडे गाडी वळवायची. यंदाचा हंगाम असाच गेला तर दिवाळीला दुकानाची किल्ली मालकाला देऊन टाकतो, असं नानांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितलं. मग मीच नवऱ्याला म्हटलं, करा बाबा एकदाची तुमची ती नकाशावरची नोंद.

जावईबापूंनी पत्ता, वेळ, फोन नंबर सगळं भरलं. दुकानाच्या नावापुढे ‘धुळ्यातील सर्वोत्तम, माझ्या जवळचे’ असंही घुसडलं होतं, ते मी काढायला लावलं. फोटो मात्र बघायचा राहिला. तो समाजाच्या सत्कारातला निघाला. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, गळ्यात गुलाबाचा हार, आणि फोटो काढताना नाना नेहमी करतात तसा चेहरा, डॉक्टरने काहीतरी सांगितल्यासारखा. मोबाइलच्या यादीत दुकान वर यायला लोकांचे अभिप्राय लागतात, म्हणून याने त्या नोंदीची लिंक सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, ‘नानांबद्दल दोन शब्द लिहा. पाच तारे द्या.’

हार घातलेला फोटो आणि वर दोन शब्द. आमच्या माणसांना आणखी काय लागतं? भडगावच्या आतेभावाने पहिलं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं आणि मागे रांगच लागली. वरच्याने लिहिलेलं खाली चिकटवायचं, हात जोडायचे, मोकळं व्हायचं. देवमाणूस गेला, पाच तारे. असा कारागीर पुन्हा होणे नाही, पाच तारे. ज्यांनी उभ्या जन्मात नानांना कपभर चहा पाजला नाही, त्यांनी लिहिलं की नाना वॉशरचे पैसे कधीच घेत नसत. चोपड्याच्या मावशीने दहावा कधी आहे ते विचारायला दुकानाचाच नंबर लावला. फोन नानांनी उचलला.

“मी शे अजून, अक्का,” ते म्हणाले. “दुकान बी चालू शे.”

मला हे कळलं तेव्हा मी नवऱ्याला असा काही झाडला की विचारू नका. तो मान खाली घालून मोबाइल चाळत होता. मध्येच त्याचा चेहरा उजळला. एवढे अभिप्राय आल्यामुळे नानांचं दुकान यादीत सगळ्यात वर आलं होतं, हायवेवालं खाली गेलं होतं. “बघ, जमलं की नाही?” तो म्हणाला. माझा बाप मेला आणि याचा पहिला नंबर आला.

त्या रविवारी आम्ही धुळ्याला गेलो. सगळ्यांना फोन करून एकेक श्रद्धांजली पुसून घ्यायची, असं मी वाटेतच ठरवलं होतं. दुकानापुढे बघते तर पंपांची रांग. इतके पंप मी तिथे कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते. नाना तेलकट बनियनवर, चष्मा नाकावर, खाली मान घालून बसलेले. समोर एक शेतकरी मोबाइल हातात धरून उभा होता. फेट्यातला फोटो आणि समोरचा म्हातारा यांचा काही संबंध असेल, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“काका, वॉशरचे पैसे लावू नका,” तो म्हणाला. “नाना होते तेव्हा फुकट टाकायचे म्हणे. चांगला माणूस होता.”

माझा तोल गेला. समोर कोण बसलंय ते त्याला सांगणारच होते, तेवढ्यात नानांनी हातानेच मला गप्प केलं. त्यांनी वॉशर बसवलं, वरून नोझल आवळलं, आणि मान वर न करता म्हणाले, “नाना गया म्हणीसन तं दुकान चाली ऱ्हायनं, भाऊ.”