आमच्या गाडीचा पिवळा दिवा

नवी गाडी असलेल्या लोकांकडे सांगायला काही नसतं बघा. घेतली, पेढे वाटले, संपलं. जुनी गाडी असली की मात्र तोंडाला विश्रांती नाही. मला कुणी विचारलं, "कशा आहात?" की मी म्हणते, "मी बरी आहे, गाडीचं विचारू नका." आणि मग गाडीचंच सांगत बसते. अंबरपेठच्या आमच्या गल्लीत मला येताना बघून लोक अर्धा चहा टाकून उठतात. तुम्ही बसलात, आता ऐका.

गाडी छोटी, पांढरी. आमच्या ह्यांनी नोकरीत असताना घेतलेली. मग ह्यांना झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं गेलं. गेलं म्हणजे एकेकच शब्द येतो. "पाणी." "चल." "नको." तेव्हापासून गाडी मी चालवते. मला चालवायला ह्यांनीच शिकवलं होतं, आणि शिकवताना जे जे बोलले होते ना, ते मी आता वसूल करते. मी बोलते, ते ऐकतात. असं सुख किती बायकांना मिळतं?

व्यायामाच्या डॉक्टरांकडे गेलं तरच पाय सुधारणार, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं. म्हणून आमची वारी चालू. आणि एक दिवस गाडीत, स्टिअरिंगच्या मागं, पिवळा दिवा लागला. इंजिनचं चित्र आहे म्हणतात. मला तर पाण्याच्या मोटरीसारखं दिसलं. मी म्हटलं, नळाला पाणी आलं असंल.

*

आमचा मुलगा विलास कुकटपल्लीला राहतो, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. रविवारी येतो. दिवा बघून त्याचा चेहरा उतरला.

"आई, रस्त्यात गाडी बंद पडली तर? बाबांना घेऊन काय करशील? विकून टाकू. कॅब बोलवत जा, मी मोबाईलवर लावून देतो."

पोरगं काळजीनंच बोलत होतं. म्हटलं, करून बघू.

कॅब आली. मोठी, उंच. ह्यांचा पाय वर चढंना. ड्रायव्हर भला माणूस, त्यानं वॉचमनला बोलावलं आणि दोघांनी मिळून ह्यांना उचललं. आपण भरलेला सिलिंडर उचलतो ना, तसं. गल्ली बघत होती. ह्यांनी डोळे मिटून घेतले ते घरी येईपर्यंत उघडले नाहीत.

पुढच्या वेळी चप्पल समोर ठेवली तर म्हणाले, "नको." त्याच्या पुढच्या वेळीही "नको." व्यायाम बंद.

मग मी आपली गाडी काढली, डावं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिले. आले हळूहळू. डाव्या हातानं वरची कडी धरली, बूड टेकवलं, हातानं लुळा पाय आत घेतला. कुणी हात लावायचं काम नाही. त्या सीटची उंची त्यांच्या कमरेला पाठ आहे. बसले आणि म्हणाले, "चल."

तेव्हाच मी ठरवलं, ही गाडी विकू द्यायची नाही. पण विलासनं बजावलं होतं, "पुन्हा दिवा दिसला तर मी काही ऐकणार नाही."

*

दिसला तर, असं म्हणाला ना? मग दिसायलाच नको.

मी माझी मोठी टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. लाल, ठसठशीत. झाकला गेला बिचारा. रविवारी विलास गाडीत बसला, चावी फिरवली, वाकून बघितलं.

"आई, गाडीला कुंकू कधीपासून लावतेस?"

म्हटलं, "लावीन नाही तर काय! तिचा धनी जिवंत आहे अजून."

"कोण धनी?"

"रहमतभाई. तिचे एवढे नखरे दुसरा कोण सोसतो?"

*

रहमतभाई म्हणजे आमचा मेकॅनिक. गॅरेज आमच्याच रस्त्याला. त्याच्याकडं एक छोटं मशीन आहे, ते गाडीला जोडलं की गाडी आपलं दुखणं सांगते. मी म्हटलं, "भाई, ये मशीन हमारे साब को लगाओ ना. क्या दुखता, बोलेंगे तो सही."

तो हसला नाही. म्हणाला, "अम्मा, साब की मशीन मैं हूँ."

आणि खरंच. दिवा विझवला की तो ह्यांना बाजूला बसवून एक चक्कर मारणार. दर वेळी. "साब, ब्रेक कैसा है?" हे म्हणणार, "ठीक." "साब, क्लच?" "जड." मग भाई उतरून क्लच सैल करणार. क्लच खरंच जड होता की नाही, ते मी विचारलं नाही. पण त्या चकरेवरून आले की हे पोळी एक जास्त खातात, एवढं मला दिसतं. देव त्याचं भलं करो.

*

उन्हानं टिकली गळून पडली, आणि दिवा काही ऐकंना. भाईनं विझवायचा, शनिवारी पुन्हा हजर. भाईनं सेन्सर काढून पुसला, परत बसवला. शनिवारी पुन्हा हजर. दर वेळी शनिवारीच! रविवारी विलास येणार, म्हणून मी शनिवारी संध्याकाळी गाडी घेऊन गॅरेजात. भाई म्हणायला लागला, "अम्मा, ये बत्ती नहीं, ये तो किरायेदार है. हफ्ते को आता." त्यांच्यात शनिवारला हफ्ता म्हणतात.

गल्लीला कळलं, मग काय. कुणी म्हणालं शनीची पीडा. कुणी म्हणालं बेगम बाजारातून लिंबं आणून चाकाखाली ठेवा. शेजारच्या सुगुणानं तर कोहळाच आणला. सुगुणा तेलुगू, पण आमच्या घरात येऊन येऊन मराठी शिकली. मला वदिना म्हणते, म्हणजे वहिनी. तिनं कोहळ्याला हळद-कुंकू लावलं, कापूर लावला, गाडीवरून उतरवला आणि असा आपटला की वॉचमन त्याच्या फोडीवरून घसरून सरळ बॉनेटला मिठी मारून पडला.

तो उठला, मी चावी फिरवली. दिवा गायब.

सुगुणा म्हणाली, "बघा वदिना, माझा कोहळा!"

मी गॅरेजात सांगितलं. भाई म्हणाला, "मैं सुबह मशीन लगाया, वो?"

वॉचमन अजून कंबर धरून हिंडतो. तो म्हणतो, दिवा त्याच्या मिठीनं गेला.

*

पुढच्या शनिवारी दिवा परत आला. आता भाईलाही राग आला. त्यानं बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबाच काढला, आत वाकला आणि तसाच राहिला.

"अम्मा, इंजिन में शादी करे क्या?"

"काहेकू?"

"हल्दी, कुंकू, गूळ, नारियल, सब है. दूल्हा बी बैठा है."

दूल्हा टुणकन उडी मारून पळाला. चांगला पोसलेला उंदीर. डब्याखाली खोबऱ्याचे तुकडे, शेंडी कुरतडून केलेलं मऊ घर, आणि बाजूला सेन्सरची वायर, निम्मी चघळलेली.

मी घरी आले आणि सुगुणाला हाक मारली. गाडी तीच पुसते, म्हणून एक चावी तिच्याकडंच असते. ती आली, माझं तोंड बघितलं आणि रडायलाच लागली. ह्यांचा पाय बरा व्हावा म्हणून तिनं गणपतीला नवस बोलला होता. दर शुक्रवारी बॉनेट उघडून ती आत नैवेद्य ठेवायची. साहेबांना नेते-आणते ती गाडी, तर गाडीलाच खाऊ घालायचं. शनिवारी बघायची तर ताट रिकामं. तिला वाटायचं, गाडीनं घेतला!

मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. माझ्या सख्ख्या बहिणीनं असा नवस केला नाही. म्हटलं, "रडू नको गं. पोहोचला नैवेद्य. गणपतीला नाही, त्याच्या गाडीला पोहोचला."

भाईनं वायर नवी घातली. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवली, उंदराला वास सोसत नाही म्हणून. सुगुणा आता नैवेद्य तुळशीपाशी ठेवते. शनिवार आला, गेला, दिवा लागला नाही. पुढचाही गेला.

*

मी विलासला फोन करून सांगितलं, दिवा कायमचा गेला. मला वाटलं, सुटलो.

तर रविवारी तो गिऱ्हाईकच घेऊन आला. त्याच्याच ऑफिसातला, आपला मराठी माणूस. बायकोला गाडी शिकवायला जुनी हवी होती.

मी विलासला बाजूला ओढलं. "अरे, आता तर दिवाही नाही."

"म्हणूनच, आई. दिवा बंद आहे तोवर विकू. पुन्हा लागला तर कोण घेईल?"

ऑफिसात बसणाऱ्याचं डोकं.

हे तेव्हा गाडीतच बसलेले. रविवारी सकाळी मी त्यांना एक फेरी मारून आणते, म्हणून आवरून, पांढरा शर्ट घालून आधीच जाऊन बसलेले. त्यांना उतरा कोण म्हणणार? विलास म्हणाला नाही, मीही नाही. तो माणूस नमस्कार करून ह्यांच्या शेजारी ड्रायव्हरच्या जागेवर बसला.

चावी फिरवली. इंजिन असं लागलं की मलाच अभिमान वाटला. भाईनं काम चोख केलेलं. त्या माणसानं समोर बघितलं. एक दिवा नाही. लाइट लावून बघितले, हॉर्न वाजवला. खूश झाला.

"काका, गाडी छान ठेवलीत हो तुम्ही."

सुगुणा माझ्या बाजूला उभी होती. तिनं माझा हात धरला.

ह्यांनी समोर रस्त्याकडं बघितलं. ओठ हलायला लागले. मला वाटलं, पाणी मागतायत.

"दिवा," हे म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "लागतो. इंजिनचा."

झटका आल्यापासून इतकं लांब ते पहिल्यांदा बोलले.

तो माणूस गोंधळला. त्यानं पुन्हा समोर बघितलं, मग खिडकीतून मान बाहेर काढून विलासला विचारलं, "अरे, लागतो का?"

विलास बापाकडं बघत होता. बाप रस्त्याकडं.

विलास म्हणाला, "हो. दर शनिवारी."